दोन ग्राफिक्स कार्डांच्या गेमिंग पीसीला कोणता एसएमपीएस घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बारा-तेरा वर्षं मी मुंबईत लोकांना पीसी जोडून देतोय. गिरगावातली चाळ असो की भांडुपचा नवा टॉवर, एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसते. कार्डावर लाखभर रुपये घालताना हात आखडत नाही, आणि एसएमपीएसची, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायच्या डब्याची, पाळी आली की "त्यातल्या त्यात स्वस्त कुठला?" असा प्रश्न येतो. दोन कार्डांच्या मशीनमध्ये ही काटकसर फार महागात पडते, कारण एसएमपीएस जातो तेव्हा तो एकटाच जाईल याची खात्री नसते. लोक मला फोनवर आणि समोर बसून जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे सविस्तर लिहितो आहे.

मुळात आज दोन कार्डं लावण्यात अर्थ आहे का?

फक्त गेम खेळायचे असतील तर नाही. तेवढ्याच पैशांत एक मोठं कार्ड घ्या.

दोन कार्डांनी मिळून एकच गेम चालवायची सोय १९९८ साली थ्रीडीएफएक्सच्या वूडू २ कार्डांनी लोकांपर्यंत आणली. २००४ मध्ये एनव्हिडियाने एसएलआय हेच नाव घेऊन ती पुन्हा सुरू केली आणि पुढच्याच वर्षी एटीआयचं क्रॉसफायर आलं. पण गेम आणि ड्रायव्हर, दोघांनी साथ दिली तरच दुसऱ्या कार्डाचा उपयोग व्हायचा. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने जुन्या कार्डांसाठी नवे एसएलआय प्रोफाइल, म्हणजे त्या त्या गेमसाठीची ड्रायव्हरमधली सेटिंग, देणं बंद केलं. आरटीएक्स ३०९० आणि ३०९० टीआय ही एनव्हीलिंक, म्हणजे दोन कार्डं एकमेकांना जोडणारा पूल, लावायची खाच असलेली शेवटची जीफोर्स कार्डं. ४००० मालिकेपासून ती खाचच राहिली नाही.

तरीही अशी मशिनं बनतात आणि त्याला कारणं आहेत. दिवसा ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये चित्रं रेंडर किंवा घरच्या घरी एआय मॉडेल चालवायचं आणि रात्री खेळायचं, अशा लोकांना दोन कार्डं खरोखर लागतात. त्या कामांना एसएलआयचा पूल लागत नाही. काही जण मुख्य कार्डावर गेम चालवतात आणि लॉसलेस स्केलिंगसारख्या प्रोग्रॅमने मधल्या फ्रेम तयार करायचं काम दुसऱ्या, छोट्या कार्डाकडे देतात. आणि काहींना जुन्या कार्डांची जोडी पुन्हा उभी करायची हौस असते. तुम्ही यांपैकी कुणी असाल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

मग नेमका किती वॅटचा घ्यायचा?

अंदाजपंचे नको, बेरीज करा. दोन्ही कार्डांचे कंपनीने दिलेले वॅट घ्या, त्यात प्रोसेसरचा जास्तीत जास्त खप मिळवा आणि मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे मिळून शंभरेक वॅट धरा. जी बेरीज येईल तिच्यावर साधारण पाव भाग वाढवा.

दोन आरटीएक्स ३०९० म्हणजे ३५० अधिक ३५०. सोबत इंटेलचा आय९ १४९००के असेल तर त्याचे २५३. वरचे शंभर धरले की १०५३ वॅट होतात. त्यावर पाव भाग चढवला की १३०० च्या आसपास येतो, म्हणून १३०० किंवा त्याच्या वरचा आकडा बघायचा. कंपनीने आधीच ओव्हरक्लॉक करून, म्हणजे वेग वाढवून, विकलेली ३०९० असेल तर ती ३५० वर थांबत नाही, तिच्या खोक्यावरचा किंवा वेबसाइटवरचा आकडा धरा.

उलट, आरटीएक्स ४०७० सुपर मुख्य कार्ड आणि फ्रेम बनवायला आरएक्स ६६०० अशी जोडी असेल तर २२० अधिक १३२. त्यात रायझन ७ ७८००एक्स३डीचे १६२ आणि वरचे शंभर मिळवले की ६१४ होतात. इथे चांगला ८५० वॅटचा एसएमपीएस निवांत पुरतो. दोन कार्डं म्हटल्यावर लगेच हजाराच्या वर उडी मारायची गरज नसते. या दुसऱ्या जोडीला कुणी १६०० वॅटचा खपवायला लागलं तर हात जोडून बाहेर पडा.

एक गैरसमज इथेच दूर करतो. १३०० वॅटचा एसएमपीएस भिंतीतून सतत १३०० वॅट ओढत नाही. मशीन मागेल तेवढेच वॅट तो देतो.

प्रोसेसरच्या खोक्यावर १२५ वॅट लिहिलंय, तुम्ही २५३ का धरता?

कारण १२५ हा मूळ वेगावरचा आकडा आहे. जोर लागला की तो प्रोसेसर २५३ पर्यंत जातो. एएमडीचंही तसंच: १२० वॅट लिहिलेला ७८००एक्स३डी मदरबोर्डवरच्या सॉकेटमधून १६२ पर्यंत घेऊ शकतो. एसएमपीएस निवडताना नेहमी वरचा आकडा धरायचा.

गेम रंगात आला की मशीन फटकन बंद पडतं. तापमान ठीक आहे, वॅटची बेरीजही जमते. मग काय होतंय?

दोन कार्डांच्या मशीनची ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात जास्त येणारी तक्रार आहे.

कार्डावर लिहिलेले ३५० वॅट ही सरासरी असते. प्रत्यक्षात कार्ड सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं त्याच्या कितीतरी वर उसळी मारतं आणि लगेच खाली येतं. ही उसळी भिंतीतल्या प्लगला लावायच्या मीटरवर दिसत नाही, स्क्रीनवरच्या आकड्यांतही नाही. एका कार्डाची उसळी एसएमपीएस पचवतो. दोन कार्डांच्या उसळ्या नेमक्या एका क्षणी आल्या की त्याला वाटतं पुढे शॉर्ट झालंय आणि तो स्वतःला बंद करून घेतो. बरेचदा मग पॉवरचं बटण दाबूनही मशीन उठत नाही. मागचा स्विच बंद करून थोडं थांबून पुन्हा लावावा लागतो. ही खूण दिसली की संशय एसएमपीएसवरच घ्या.

इंटेलने २०२२ मध्ये काढलेल्या एसएमपीएसच्या एटीएक्स ३.० या मानकात या उसळ्यांचा हिशेब आला. त्या मानकातला ४५० वॅटच्या वरचा एसएमपीएस आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसू शकला पाहिजे. म्हणून आज नवा घेताना एटीएक्स ३.० किंवा ३.१ असं लिहिलेलाच घ्या. हजार वॅटचा जुना आणि हजार वॅटचा नवा यांत हा फरक आहे आणि दोन कार्डांना तो पहिल्याच आठवड्यात कळतो.

नवा घ्यायची सोय लगेच नसेल तर दोन्ही कार्डांची पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने जास्तीत जास्त किती वॅट घ्यायचे ती मर्यादा, खाली आणा. आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलायच्या प्रोग्रॅममध्ये तिची सरकपट्टी ८० टक्क्यांवर ठेवली की ३०९० साधारण २८० वॅटवर राहते. खेळताना फरक फारसा कळत नाही, मात्र दोघांचे मिळून १४० वॅट वाचतात आणि उसळ्याही बुटक्या होतात. मी नवा एसएमपीएस असलेल्या मशीनवरही हे करून देतो, विशेषतः एसी नसलेल्या खोलीत.

लेबलवर ५०० वॅट लिहिलंय. ते खरं मानायचं का?

मोठ्या अक्षरातलं सोडा, खालचा तक्ता वाचा. कार्डं आणि प्रोसेसर जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या ओळीतून घेतात. त्या ओळीखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. १८ अँपिअर असतील तर तुमच्या कामाचे वॅट झाले २१६. उरलेले ३.३ आणि ५ व्होल्टच्या ओळींत वाटलेले असतात आणि आजच्या मशीनला तिथे फारसं काही लागत नाही. चांगल्या एसएमपीएसमध्ये १२ व्होल्टची ओळ एकटीच जवळपास पूर्ण वॅट देते.

कॅबिनेटसोबत 'फुकट' येणारे एसएमपीएस मी हातात घेतल्यावर आधी वजन बघतो. पत्र्याचा डबा हलका लागला की आतमध्ये ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरच्या नावाखाली किती थोडं बसवलंय ते कळतं. दोन कार्डं त्यावर कधीच लावू नका, तात्पुरतीसुद्धा.

ब्राँझ, गोल्ड, प्लॅटिनम: कोणता?

एटी प्लसचा हा शिक्का एवढंच सांगतो की भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वाया जाते. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भाराला ब्राँझ ८५ टक्के आणि गोल्ड ९० टक्के कार्यक्षमता देतो. आपल्या २३० व्होल्टवर आकडे थोडे वरच असतात. उरलेलं उष्णता होऊन तुमच्याच खोलीत येतं. रोज तासन्‌तास चालणाऱ्या दोन कार्डांना गोल्ड घ्या. प्लॅटिनम-टायटॅनियमसाठी वाढीव पैसे मोजायचे असतील तर आधी ते एटीएक्स ३.१, जास्त वॅट आणि लांब वॉरंटीवर घाला.

आणि शिक्का गोल्ड असला म्हणून सुरक्षा सर्किट चांगलं असतंच असं नाही. चाचणी घेणाऱ्यांनी उघडून, ऑसिलोस्कोप लावून केलेलं परीक्षण त्या नेमक्या मॉडेलचं शोधा.

केबलचं एवढं काय? तोंड बसलं की झालं ना?

इथेच कार्डं जळतात, म्हणून थोडं सावकाश वाचा.

मदरबोर्डवरची खाच कार्डाला ७५ वॅटपर्यंत देते. सहा पिनांची केबल ७५ आणि आठ पिनांची १५०. बऱ्याच एसएमपीएसच्या एका केबलला शेपटीसारखं दुसरं आठ पिनांचं तोंड काढलेलं असतं. छोट्या कार्डाला ते चालतं. ३५० वॅटच्या कार्डाची दोन्ही तोंडं एकाच केबलने भरली की तारेचा आणि एसएमपीएसकडच्या टोकाचा ताण दुप्पट होतो. प्रत्येक तोंडाला स्वतंत्र केबल, हा माझा नियम आहे. दोन मोठ्या कार्डांना मिळून आठ पिनांच्या चार-सहा केबली लागतात. विकत घेण्याआधी खोक्यावर त्या किती लिहिल्यात ते मोजा, कारण वॅट पुरतात पण केबली कमी पडतात असं खूपदा होतं.

खाचेतल्या ७५ वॅटचाही हिशेब आहे. त्यातला बहुतेक भाग १२ व्होल्टवर, प्रत्येक कार्डाला साडेपाच अँपिअरपर्यंत. दोन कार्डं मिळून ११ अँपिअर. हा सगळा प्रवाह मदरबोर्डच्या २४ पिनांच्या मोठ्या तोंडातून येतो आणि त्यात १२ व्होल्टच्या पिना फक्त दोन असतात. म्हणून दोन कार्डांसाठी बनवलेल्या काही मदरबोर्डांवर खाचांजवळ जादा पॉवरचं तोंड दिलेलं असतं. लोक ते "कशाला लागतंय" म्हणून मोकळं ठेवतात. ते लावा. माझ्याकडे आलेल्या एका मशीनच्या २४ पिनांच्या तोंडातल्या दोन पिनांभोवतीचं पांढरं प्लास्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालं होतं आणि बाकीच्या बावीस पिना नव्यासारख्या कोऱ्या होत्या. त्या दोन कोणत्या ते वेगळं सांगायला नको. बोर्डावरचं जादा तोंड तिथे रिकामंच होतं.

नव्या कार्डांवरचं सोळा पिनांचं तोंड ६०० वॅटपर्यंत देतं. २०२२ च्या ऑक्टोबरात आरटीएक्स ४०९० बाजारात आल्यावर ही तोंडं वितळल्याच्या बातम्या आल्या, आणि पुढच्या वर्षी १२व्ही-२x६ ही सुधारित रचना आली. तिच्यात संवेदक पिना आखूड केल्यात, म्हणजे तोंड पूर्ण बसलं नसेल तर कार्ड वीज मागतच नाही. जुनं असो की नवं, तोंड शेवटपर्यंत दाबा, फट दिसत नाही ना ते टॉर्च मारून बघा आणि तोंडाजवळ केबल लगेच वाकवू नका. कॅबिनेटची काच बंद करताना केबल दाबली जात असेल तर कॅबिनेट बदला.

मित्राच्या जुन्या एसएमपीएसच्या मॉड्युलर, म्हणजे काढता-लावता येणाऱ्या, केबली पडून आहेत. वापरू?

नाही. कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं. एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिनांचा क्रम कंपनीगणिक बदलतो, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही. तोंड बरोबर बसतं आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात. हार्ड डिस्क तर त्याच क्षणी जाते.

दोन छोटे एसएमपीएस जोडले तर? एक घरात आहेच.

जमतं, कार्डांवर क्रिप्टो मायनिंग करायच्या दिवसांत लोकांनी जोडणारा छोटा बोर्ड लावून असं खूप केलं. पण गेमिंग मशीनला मी करून देत नाही. एक कार्ड खाचेतून एका एसएमपीएसची वीज घेतं आणि वरच्या तोंडातून दुसऱ्याची. एक आधी चालू झाला, किंवा एक बंद पडला आणि दुसरा चालू राहिला, की घोळ होतो. शिवाय दोन्ही वेगवेगळ्या प्लगवर आणि एका प्लगचं अर्थिंग कच्चं असेल तर आगीतून फुफाट्यात. घरातला विका आणि एकच मोठा घ्या.

प्लग कोणता? साध्या प्लगवर चालेल का?

दोन कार्डांच्या मशीनचा विचार मी हल्ली भिंतीपासूनच सुरू करतो, आणि मुंबईत तो करायलाच हवा.

वरचंच १०५३ वॅटचं मशीन घ्या. एसएमपीएस ९० टक्के कार्यक्षम धरला तर भिंतीतून ११७० वॅट जातात. २३० व्होल्टवर हे झाले ५.१ अँपिअर. संध्याकाळी सगळ्यांचे एसी सुरू होऊन व्होल्टेज २१० वर आलं की साडेपाच. दोन मॉनिटर त्याच बोर्डावर असतील तर सहाच्या जवळ. आणि भिंतीतला छोटा प्लग असतो ६ अँपिअरचा. म्हणजे तो काठोकाठ भरला, तोही एखाद्या मिनिटापुरता नव्हे, सलग चार-चार तास. १६०० वॅटचा एसएमपीएस पूर्ण भरला तर साडेसात अँपिअरच्या वर जातो. तो छोट्या प्लगवर लावायचाच नाही.

हजार वॅटच्या पुढच्या मशीनला मोठा, १६ अँपिअरचा पॉवर प्लग द्या. छोट्या पॉइंटला बहुधा १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची तार असते, मोठ्याला २.५ किंवा ४ ची. नुसतं सॉकेट बदलून मोठं बसवलं आणि मागची तार तीच राहिली तर धोका वाढतो, कारण आता तिच्यावर आणखी भार टाकायला मुभा मिळाली. वायरमनला सांगून मीटर बॉक्सपासून किंवा एमसीबीपासून वेगळी तार ओढून घ्या.

एक्स्टेंशन बोर्ड नको. माझ्याच घरी, परळला, मी दोन कार्डांचं मशीन एका जाडजूड दिसणाऱ्या एक्स्टेंशनवर चालवत होतो. एका रविवारी दुपारी भाजलेल्या मासळीसारखा वास यायला लागला. आईने स्वयंपाकघरात बघितलं, गॅस बंद होता. मी प्लग उपटला तर फेजच्या पिनेभोवतीचं प्लास्टिक मऊ झालेलं आणि भोकाभोवती नखाएवढी तपकिरी कड. आतली पितळेची पट्टी सैल झाली होती. सैल पट्टी तापते आणि तापून आणखी सैल होते. गरम बेकलाइट किंवा प्लास्टिकचा तो मासळीसारखा वास ज्याला एकदा कळला तो विसरत नाही. तुमच्याकडे आला तर आधी मेन स्विच पाडा, मग शोधा.

घराचा एकूण भारही बघा. विजेच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. जुन्या चाळींत तो दोन किलोवॅटच्या आत असलेला मी पाहिला आहे. दीड टनाचा एसी, गिझर आणि हे मशीन एकाच वेळी चालू केलं की मेन पडणारच. भार वाढवून घ्यायचा अर्ज वीज कंपनीकडे करता येतो, तो करा. फ्यूजमध्ये जाड तार घालून वेळ मारून नेऊ नका.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएस खराब आहे का?

बहुतेक वेळा एसएमपीएस अगदी ठीक असतो. त्याच्या आत येणाऱ्या विजेतला खरखराट गाळायला फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग धड असेल तर त्यांतून जाणारा किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटचा पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने झिणझिण्यांवर भागतं. पण टेस्टर लावला की दिवा लागतो आणि घरचे घाबरतात. घाबरलं पाहिजेच.

जुन्या इमारतींत तिसरं भोक असतं, पण त्याच्या मागे तारच नसते; हे मी दादर, लालबाग, गिरगाव, सगळीकडे उघडून पाहिलंय. वायरमनकडून मल्टिमीटरने तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ शून्याच्या जवळ, फार तर दोन-तीन व्होल्ट. फेज-अर्थ शंभरच्या घरात आलं तर अर्थ तुटलेलं आहे.

काही जण सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून देतात. टेस्टर विझतो, झिणझिण्या थांबतात आणि गिऱ्हाईक खूश. पण उद्या न्यूट्रल तुटलं तर तुमच्या कॅबिनेटच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतील. हे करू देऊ नका. इमारतीचं अर्थिंग हा सोसायटीचा विषय आहे. सभेत मांडा, लेखी द्या. तुमच्या पीसीइतकाच तो शेजारच्या काकूंच्या वॉशिंग मशीनचा आणि गिझरचाही प्रश्न आहे.

अर्थिंग नसताना चालू मशीनला टीव्हीची एचडीएमआय केबल लावू नका. लावताना ठिणगी पडून कार्डाचा पोर्ट गेलेला मी पाहिला आहे.

मुंबईत लाईट जातेच कुठे? यूपीएस हवा का?

बेस्ट, अदानी, टाटा पॉवर किंवा महावितरण, तुमच्याकडे कुणाचीही वीज असो, इथे ती क्वचित जाते हे खरं. पण १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड पडून सबंध मुंबई अंधारात गेली होती, आणि पावसाळ्यात क्षणभर लुकलुकून परत येणं तर नेहमीचंच. रेंडर चालू असताना तेवढंही पुरतं.

यूपीएसवरचा व्हीए हा आकडा बघू नका, वॅट बघा. ६०० व्हीएचा बहुधा ३६० वॅटचा असतो आणि ११०० व्हीएचा ६६० वॅटचा. ११७० वॅट ओढणाऱ्या मशीनला हे दोन्ही लावले तर लाईट गेल्यावर यूपीएसही पडेल. पूर्ण भाराला पुरेल असा, प्युअर साइन वेव्हचा घ्या. काही एसएमपीएस चौकोनी लहरींवर कुरकुरतात किंवा बंद पडतात. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागची कळ यूपीएसवर ठेवा. साध्या मोडवर बदलायला त्याला जो वेळ लागतो त्यात मशीन बंद होतं, कारण पूर्ण भारावर एसएमपीएसने विजेशिवाय तग धरायची मर्यादा एटीएक्सच्या मानकात फक्त १२ मिलिसेकंद आहे.

पावसाळ्यात काय सांभाळायचं?

आजच्या बहुतेक कॅबिनेटांत एसएमपीएस तळाशी असतो. तळमजल्यावर राहत असाल, हिंदमाता किंवा कुर्ल्यासारख्या पाणी भरणाऱ्या भागात, तर कॅबिनेट जूनच्या आधीच टेबलावर घ्या. समुद्राजवळच्या घरांत खारट दमट हवेने पिना काळवंडतात. आठ-पंधरा दिवस मशीन बंद ठेवू नका, मधूनमधून तासभर चालवा. आणि झुरळं. त्यांना ऊब आवडते आणि एसएमपीएसच्या आत ऊब असते. तळाची जाळी महिन्यातून एकदा साफ करा, फाटली असेल तर बदला. एसएमपीएस स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो.

बिल किती वाढेल?

भिंतीतून ९०० वॅट, रोज चार तास: ३.६ युनिट. महिन्याला १०८. मुंबईत घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात, ३०० युनिटच्या वरचे युनिट जास्त महाग पडतात. तुमचं घर आधीच २५० वर असेल तर या १०८ मधले ५८ युनिट वरच्या टप्प्यात जातील. शिवाय हे ९०० वॅट खोलीत उष्णता होऊन राहतात. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे त्याची पाव ताकद तुमचं मशीनच खाणार. मे महिन्यात हे जाणवतं.

कॅबिनेटमध्ये मावेल का?

मोजून घ्या. साधा एसएमपीएस १४० मिलिमीटर लांब असतो, १६०० वॅटचे काही २०० मिलिमीटरपर्यंत जातात. त्यापुढे केबली वळायला जागा हवी.

लॅमिंग्टन रोडवरून घेऊ की ऑनलाइन? वापरलेला घेऊ का?

दोन्हीकडे चांगला माल मिळतो. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं, चार दुकानांत भाव विचारता येतो आणि खोकं समोर उघडून बघता येतं, म्हणून मला अजूनही लॅमिंग्टन रोड आवडतो. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. तो खोक्यावरच्या आणि एसएमपीएसवरच्या नंबराशी जुळवा. चांगल्या मॉडेलांना दहा वर्षांची वॉरंटी असते आणि ती बिलाच्या कागदावरच उभी असते. वॉरंटी भारतातली आहे ना, तेही विचारा. बाहेरून आणलेला माल थोडा स्वस्त मिळतो पण बिघडला की कुणी दारात उभं करत नाही.

वापरलेलं ग्राफिक्स कार्ड मी घेतो, वापरलेला एसएमपीएस घेत नाही. मायनिंगमध्ये दोन वर्षं रात्रंदिवस चाललेला आणि शोकेसमध्ये पडलेला, दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात.

नवा आणून लावला. पहिल्या दिवशी काय तपासू?

आधी एकच कार्ड लावून चालू करा, अर्धा तास खेळा. मग दुसरं लावा. दोन्ही कार्डांवर एकदम भार टाका आणि एचडब्ल्यूइन्फो या मशीनची मापं दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये १२ व्होल्टचा आकडा बघा, ११.४ च्या खाली जात असेल तर थांबा आणि केबली पुन्हा बसवा. तासाभराने भार काढा, भिंतीतला स्विच बंद करा आणि प्लगच्या पाठीला, मग केबलच्या दोन्ही टोकांना हात लावा. कोमट लागलं तर चालेल. बोट ठेववत नसेल तर प्लग उपटा आणि त्याच संध्याकाळी वायरमनला फोन करा.